आत्या पाहुणी म्हणून उतरते

देशाला पर्यटनाचा शोध लागला त्याच सुमारास तो आमच्या दादालाही लागला. देशाने त्यासाठी खातं उघडलं, समित्या नेमल्या, पोस्टरं छापली. दादाने मला नेमलं.

पर्यटनाच्या परिषदेहून तो परतला तेव्हा त्याच्या गळ्यात नावाचा बिल्ला होता, आणि जेवायला बसतानाही त्याने तो काढला नाही. "वाढता उद्योग आहे," तो म्हणाला. "जगभर वाढतोय. आपल्याकडेच तेवढा खोळंबलाय."

आमच्या घराण्यात प्रत्येक धंद्याबद्दल कुणी ना कुणी हे वाक्य म्हटलेलं आहे. आजोबांनी गाद्यांचं दुकान काढलं तेव्हा लोक नुकतेच जमिनीवरून पलंगावर चढत होते, तेवढं एकदाच आमचं काळाशी जमलं. पुढे फोम आला. फोमवाला स्वतःच्या पायांनी एजन्सी द्यायला आला आणि दादाने त्याला पायरीवरूनच परत पाठवला. त्या फोमवाल्याची आता समोरच चार मजली इमारत आहे. आमच्या दुकानाचं शटर खाली आहे. दादा त्या इमारतीवरून जाताना रस्ता ओलांडतो आणि पुढे जाऊन परत ओलांडतो.

तर आता पर्यटन. बैठक नेहमीप्रमाणे कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती भरली. दुकान बंद झाल्यापासून आम्ही त्याच टेबलावर जेवतो. दादा टोकाला, वहिनी स्वयंपाकघराच्या दाराजवळ, मधे जावई, त्यांच्या समोर आत्या, आणि मी जिथे जागा मिळेल तिथे. मी आयुष्यभर विमा विकला, म्हणजे विकायला गेलो. लग्न झालं नाही, आणि ठाम मत असं कशावरच नाही. त्यामुळे घरातल्या प्रत्येक बैठकीला मला आवर्जून बोलावतात.

जावई म्हणजे दादाचे. ते गुंतवणूक सल्लागार आहेत. चिमी, त्यांची बायको, आलेली नव्हती. बाबा आणि नवरा एखाद्या योजनेवर एकमत झाले की आपण त्या गावात नसावं, असा तिचा अनुभव आहे.

"पर्यटन हा असा उद्योग आहे," जावई म्हणाले, "की त्यात माल गिऱ्हाइकाकडे पाठवावा लागत नाही. गिऱ्हाईकच मालाकडे येतं. प्रवास त्याचा, दगदग त्याची."

"आणि माल काय?" आत्याने विचारलं.

"आपण," जावई म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धंद्याबद्दल शंका यायची खरी वेळ ती होती. पण दादाच्या गळ्यात बिल्ला होता.

"देशाचं पुढचं सगळं यावर अवलंबून आहे," दादा म्हणाला. "परिषदेत आकडे दाखवले. एक पर्यटक आला की अकरा माणसांच्या हाताला काम मिळतं."

"त्यातली दहा मी असणार," वहिनी म्हणाल्या. "अकरावं कोण?"

"मी. देखरेख."

जावयांनी घराचा नकाशा काढला. भाड्याने देण्यासारख्या तीन खोल्या. त्यातल्या दोन रस्त्याकडच्या. तिथून फोमवाल्याची इमारत दिसते, रात्री तिच्यावरची निळी पाटीसुद्धा. तिसरी सगळ्यात वरची. तिच्या खिडकीतून नदीचं वळण दिसतं, पलीकडची झाडं दिसतात, आणि सकाळी पाण्यावर धुकं असतं. जावयांचे दोन भागीदार पुढच्या आठवड्यात ती बघायला येणार होते. "खरं सांगायचं तर तीच खोली म्हणजे प्रकल्प आहे," जावई म्हणाले. "बाकी सगळं तिला धरून."

ती खोली आत्याची होती.

आमच्या आजोबांचा एक नियम होता. घरातल्या माणसाने रात्रभर झोपून पाहिल्याशिवाय एकही गादी दुकानाबाहेर जायची नाही. दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलेलंच होतं, आणि त्या एका ओळीवर धंदा चालला. आता झोपायचं कुणी? आजोबांना हिशेब असायचे, वडिलांना गिऱ्हाइकं, आईला आम्ही. राहिली वडिलांची बहीण. शाळा संपली तेव्हापासून शटर कायमचं खाली आलं तोवर आत्या रोज रात्री दुकानाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खाटेवर झोपली, आणि रोज वेगळ्या गादीवर. सकाळी उठून ती निकाल सांगायची. "डाव्या खांद्याखाली कापूस हलका पडलाय, उसवा." की ते उसवत. या गावातली निम्मी माणसं ज्या गाद्यांवर वाढली, भांडली, आजारी पडली, त्या प्रत्येक गादीवरची पहिली रात्र आत्याची. दुसरी रात्र तिला कधी मिळालीच नाही. दुकान बंद झालं तेव्हा एक गादी खपायची राहिली होती. ती आणि वरची खोली अशा दोन्ही गोष्टी तिच्या वाट्याला एकदमच आल्या.

"वरच्या खोलीचा काहीतरी विचार करावा लागेल," दादा वाडग्यातल्या सूपला म्हणाला.

"खालच्या गोदामाची मागची बाजू मोकळी आहे," जावई म्हणाले. "कोरडी आहे. जिनाही चढायला नको. या वयात जिना..."

"कुणाच्या वयात?" आत्याने विचारलं.

"सर्वसाधारण वयात," जावई म्हणाले.

आमचं घराणं भित्रं नाही. फक्त समोरच्याला वाईट वाटेल असं काही बोलायची पाळी आली की आमच्यातला प्रत्येकजण ते दुसऱ्याने बोलावं म्हणून अतिशय धीराने वाट पाहतो. तसे आम्ही पाहत होतो. शेवटी आत्याच बोलली.

"खोल्या द्यायच्या तर द्या. पण आपल्यापैकी कुणी राहून बघितल्याशिवाय द्यायच्या? असं कधी केलं नाही आपण."

दादाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पसरला तो मी ओळखतो. फोमवाला पायरी उतरत होता तेव्हाही तोच होता.

"बरोबर!" तो म्हणाला. "आणि राहून बघायचं ते तूच. तुझ्याइतकी सवय कुणाला आहे? उद्या तू पाहुणी म्हणून यायचं, वरच्या खोलीत उतरायचं. रीतसर. एक रात्र राहायचं आणि परवा सकाळी खोली सोडायची."

"ट्रायल!" जावई म्हणाले. "आत्याआजी, फार छान. मला अभिप्रायसुद्धा मिळेल, भागीदारांना दाखवायला."

"पाहुण्यासारखी वागू?" आत्याने विचारलं.

"अगदी पाहुण्यासारखी," दादा म्हणाला.

जेवण झाल्यावर त्याने मला जिन्याखाली गाठलं. "कळलं का तुला? परवा सकाळी ती आपल्या पायांनी खोली सोडणार. पाहुणे सोडतातच. तोवर आपण तिचं सामान खाली लावून ठेवायचं. कुणाला काही बोलावं लागणार नाही, कुणी दुखावणार नाही."

मी म्हटलं, "वा."

हे मी माझ्या बाजूने सांगतोय असं कुणी समजू नये. मला ती युक्ती खरोखरच हुशारीची वाटली होती.

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच आत्या मागच्या दाराने बाहेर पडली आणि दोन-तीन तासांनी पुढच्या दारासमोर टॅक्सी थांबली. तिने काळा चष्मा लावला होता. तो माझा होता. टॅक्सीवाला बॅग उतरवून तसाच उभा राहिला, कारण त्याला आमच्या कोपऱ्यावरून आमच्या दारापर्यंत एवढाच प्रवास झाला होता आणि यात काहीतरी राहून गेलंय असं त्याला वाटत असावं.

दुकानाच्या जुन्या काउंटरमागे वहिनी बसल्या होत्या.

"या... मॅडम," त्या म्हणाल्या. "कुठून आलात?"

"लांबून," आत्या म्हणाली. "फार वेळ लागला."

"प्रवास कसा झाला?"

"शेजारी कुणी बोलायला नव्हतं. छान झाला."

वहिनींनी किल्ली दिली. बॅग मी उचलली. वरच्या खोलीचं दार उघडलं आणि दादा दाराशी अदबीने उभा राहिला. आम्ही पहाटेपासून राबलो होतो. आत्याची ट्रंक, रेडिओ, औषधांचा डबा, खिडकीतल्या तीन कुंड्या, भिंतीवरचा तिच्या शाळेच्या वर्गाचा फोटो, सगळं गोदामात, तिच्यासाठी मांडलेल्या पट्ट्यांच्या खाटेपाशी. भिंत पुसलेली, पलंगावर पांढरी चादर ताणून बसवलेली, उशीवर जावयांच्या सूचनेवरून एक फूल. फोटो होता तिथे भिंतीचा चौकोन जरा जास्त पांढरा राहिला होता, तेवढंच.

आत्याने खोलीभर नजर फिरवली. चष्मा काढला नाही.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "इथे आधी कोण राहत होतं?"

"कुणी नाही मॅडम," दादा म्हणाला. "खोली अगदी नवी आहे."

मी बॅग खाली ठेवली. ती ठेवायला मला उगाचच बराच वेळ लागला. आत्या खिडकीशी गेली, नदीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "चहा पाठवा. आणि हे फूल घेऊन जा. उशीवर डोकं ठेवतात."

*

मला गाइड केलं होतं. आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही हे मला पन्नासेक वर्षांपासून माहीत होतं, पण दादाचं म्हणणं पडलं की बघण्यासारखं असणं हा पर्यटनाचा जुना विचार झाला. म्हणून मी आत्याला पुलावर नेलं.

"हा ऐतिहासिक पूल," मी म्हणालो. "या पुलावरून पूर्वी एक मोठी फौज गेली."

"हा पूल बांधताना मी बघितलाय. खांब दोनदा खचला होता."

"मॅडम, तुम्ही तर आजच सकाळी आलात."

आत्या क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हो की. मग फौज कुठे गेली?"

"परत आली नाही."

"शहाणी होती."

बंद पडलेल्या आगपेट्यांच्या कारखान्यासमोर मी तिला उभं केलं, त्याचं वर्णन औद्योगिक वारसा असं केलं आणि फोटो काढला. परत येताना ती म्हणाली, "तुम्ही चांगलं खोटं बोलता. विमा का नाही खपला तुमचा?"

"विम्यात खरं सांगायचो," मी म्हणालो. ते मात्र खरं होतं.

पुढचा टप्पा दादाकडे होता, म्हणजे 'उद्योगवारसा फेरी', बंद दुकानाच्या आतून. मी त्यात नव्हतो. पण आमच्या घरात जो तिथे नसतो त्याला सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं, आणि गोदामाची भिंत पातळ आहे.

दादा जोरात होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं दुकान बघायला आलं होतं आणि पाठीत वाकडेपणा आल्याची तक्रार घेऊन आलं नव्हतं. त्याने पिंजण्याचं यंत्र दाखवलं, खोळी बेतायच्या कात्र्या दाखवल्या, हातभर लांबीची दाभणं दाखवली. मग कोपऱ्यातल्या लोखंडी खाटेशी आला.

"आणि हा आमचा परीक्षण विभाग. प्रत्येक गादीवर आमच्या घरचं माणूस स्वतः रात्रभर झोपून पाहायचं. दुसऱ्या कुठल्या दुकानात हे नव्हतं."

"कोण झोपायचं?"

"आमची आत्या."

"नोकरीला होत्या?"

"छे, घरच्याच."

"मग त्यांना आवड असेल."

"असणारच," दादा म्हणाला. "त्याशिवाय का कुणी इतकी वर्षं..."

"तुम्ही विचारलं होतं त्यांना?"

"मॅडम, मी तेव्हा लहान होतो."

"मोठे कधी झालात?"

दादा पिंजणयंत्राकडे वळला. ते तो दाखवून झाला होता. त्याने परत दाखवलं.

*

संध्याकाळी पाहुणीने सूप परत पाठवलं. मीठ कमी. मग ऑम्लेट परत आलं. गार. वहिनींनी ते परत तापवलं आणि भांडी अशी आपटली की जावई त्यांचे कागद घेऊन अंगणात जाऊन बसले.

वहिनी या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून आत्या आणि त्या एकाच स्वयंपाकघरात आहेत. एवढ्या काळात आत्याने कशालाही नाव ठेवलेलं नव्हतं. वाढलं ते खाल्लं, उरलं ते झाकलं. आणि आज तीच बाई किल्ली हातात येताच ऑम्लेट गार म्हणते! वहिनींनी ट्रे उचलला आणि आता दोन शब्द सुनवायचेच अशा बेताने जिना चढल्या. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना दोनदा थांबल्या.

त्या आत गेल्या तर आत्या खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. बाहेर नदी तांबूस झालेली.

"गरम आहे आता," वहिनी ट्रे आपटत म्हणाल्या. "अजून काही तक्रार?"

"आहे. दुसरी खुर्ची नाही खोलीत."

"दुसरी कशाला? एकट्याच उतरलाय ना?"

"कुणी भेटायला आलं तर?" आत्याने उठून स्वतःची खुर्ची पुढे केली आणि आपण पलंगाच्या कडेवर बसली. "बस ना. गार होईल."

वहिनी बसल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत झाडायला आल्या होत्या, औषध द्यायला आल्या होत्या, बसल्या कधीच नव्हत्या. खिडकीतून नदी एवढी दिसते हेही त्यांना ठाऊक नव्हतं, कारण झाडणारं माणूस खाली बघतं. दोघींनी मिळून ते ऑम्लेट संपवलं.

"आत्याबाई, मीठ खरंच कमी होतं का?"

"पहिल्यापासून कमी असतं तुझं. सांगणार कोण?"

"तुम्ही सांगायचं."

"मी कोण सांगणारी? मी घरची. पाहुण्याचं म्हणणं ऐकतात बघ. दिवसभरात सगळे मला तीन-तीनदा विचारून गेले, काही हवं का म्हणून. मला आधी कळेचना काय सांगायचं."

वहिनींनी ताटली ट्रेमध्ये सरकवली. मग म्हणाल्या, "उद्या तुमचं सामान कुठे जाणार आहे, माहिती आहे ना तुम्हाला?"

"गेलंसुद्धा. भिंतीवरचा डाग दिसला."

"आणि तरी तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर भाचा म्हणाला असता, आत्या, समजून घे. मी घेतलं असतं. माझी सवयच ती." आत्याने कपबशी ट्रेवर ठेवली. "पाहुण्याला कुणी समजून घे म्हणत नाही. हे मला आज दुपारी कळलं, पुलावर."

*

जावई वाईट नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आतापर्यंत ते तसे वाटले असतील आणि यापुढेही वाटतील. ते पहाटे उठून अंगणात फेऱ्या मारत होते आणि भागीदारांपुढे बोलायची वाक्यं पुटपुटत होते. त्यांनी त्या भागीदारांना शब्द दिला होता. सासऱ्याच्या घराला ऊर्जितावस्था आणायची आणि बायकोने एकदा तरी आपल्याकडे कौतुकाने बघायचं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. उद्योग वगैरे तो बोलायचा ते भिडेपोटी.

नाश्ता झाल्यावर आम्ही सगळे काउंटरपाशी जमलो. दादाने बिल्ला घातला होता. जिन्यावर पावलं वाजली. आत्या खाली आली. हातात बॅग नव्हती.

"मुक्काम कसा झाला मॅडम?" दादाने विचारलं.

"चांगला झाला. गादी उत्तम आहे, कापूस कुठेही हललेला नाही. खिडकी उत्तम. गाइड खोटारडा आहे पण सोबतीला बरा. जेवणात मीठ कमी, पण ते सुधारेल."

"सुधारलंय," वहिनी म्हणाल्या.

जावयांचा चेहरा खुलला. "हे असंच्या असं भागीदारांना सांगाल का?"

"सांगेन. त्यांना इथेच भेटेन. मी मुक्काम वाढवतेय."

समोरच्या इमारतीत कुणीतरी फोमचा ट्रक रिकामा करत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मॅडम," दादा हसत म्हणाला, "खोली सोडायची वेळ झालीय."

"म्हणूनच आधी सांगायला आले. वेळेवर सांगितलं की वाढवून मिळतो ना मुक्काम?"

"आत्याआजी, आता पुरे," जावई म्हणाले. "ट्रायल झाली. आता ते पाहुणी वगैरे सोडून द्या."

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात तुमच्या उद्योगात?"

"तुम्ही गिऱ्हाईक नाही आहात हो! तुम्ही घरच्या आहात!"

"मग माझं सामान कुठे आहे?" आत्याने विचारलं. आवाज चढवला नव्हता. पाहुण्याने आपल्या छत्रीची चौकशी करावी तसं विचारलं.

जावयांनी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे, आणि मी बाहेर ट्रककडे.

"वहिनी, म्हणजे... आई," जावई वहिनींकडे वळले. गडबडीत त्यांनी माझा शब्द वापरला. "तुम्ही काउंटरवर आहात. तुम्ही सांगा. त्या खोलीचं काय ते आज ठरलं नाही तर भागीदार येणार नाहीत. मी त्यांना काय दाखवू?"

"त्या खोलीचा मुक्काम मी काल संध्याकाळीच वाढवून दिलाय," वहिनी म्हणाल्या.

"कुणाला विचारून?" दादा ओरडला.

"गिऱ्हाइकाला."

"अगं पण हा धंदा आहे! सगळ्या प्रकल्पाचा..."

"अकरा माणसांतली दहा मी आहे. दहा माणसांनी ठरवलंय." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर गुडघ्याने बंद केला. "आणि त्या मागच्या गोदामात तुम्ही त्यांना ठेवणार होतात, तिथे कोण झोपून आलंय? तुम्ही? जावई? भाऊजी?"

मी नाही म्हटलं. आयुष्यात एकदा तरी चटकन उत्तर दिल्याचं मला समाधान आहे.

दादा काउंटरपासून निघाला, गोदामाचं दार ढकलून आत गेला आणि दार लोटून घेतलं. आम्ही थांबलो. आतून ट्रंक सरकवल्याचा आवाज आला, मग खाटेची करकर, मग काहीच नाही. जावई एकदा दाराकडे निघाले, तर वहिनींनी त्यांचा हात धरला. "झोपू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. जावयांना ते चमत्कारिक वाटलं. आम्हाला नाही. आमच्या घरात याच पद्धतीने निर्णय होतात.

मधल्या वेळात जावई काउंटरला टेकून कागद चाळत होते. चाळता चाळता ते थांबले. पेन काढून त्यांनी काहीतरी केलं, खोडलं, परत केलं. "काका," ते मला हळूच म्हणाले, "तीन खोल्या. त्यातली एक वर्षभर भरलेली. म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच एक तृतीयांश भरती. अख्ख्या देशात कुठल्या हॉटेलची नसेल." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "भागीदारांना हे सांगितलं तर खोटं होईल का?"

"पर्यटनात नाही," मी म्हणालो.

दार उघडलं. दादा बाहेर आला. केसांत, भुवयांवर, बिल्ल्यावर कापसाचे तंतू चिकटले होते, आणि एका गालावर गोदामातल्या खाटेच्या पट्टीचा वळ उमटला होता. तो आमच्याकडे न बघता सरळ काउंटरमागे जाऊन उभा राहिला. आत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, ती उठली.

तो काय म्हणणार होता ते मला माहीत होतं आणि तो ते म्हणू शकणार नाही हेही माहीत होतं. आमच्यात 'चुकलं' हा शब्द बोलला जात नाही. वडील गेले ते न बोलता, आजोबा गेले ते न बोलता. दादाचे ओठ दोनदा हलले. "आत्..." एवढं एकदा आलं आणि परत आत गेलं. मग त्याने बिल्ला सरळ केला, दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि घसा साफ केला.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या खोलीत आधी एक बाई राहत होत्या. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. त्यांचं सामान आम्ही आत्ता वर आणून ठेवतो." तो थांबला. पुढचं बोलताना त्याला व्यवस्थापकाचा आवाज टिकवायला फार कष्ट पडत होते. "तुम्ही आमच्याकडे राहिलात तर आम्हाला आवडेल. म्हणजे, तुम्हाला इथे राहायला आवडतं का... हे आम्ही विचारायला हवं होतं. ते विचारतोय."

आत्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. चष्मा आज तिने लावलेला नव्हता.

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून सावकाश जिना चढायला लागली.

आणि आम्ही सगळे, दादा, वहिनी, जावई आणि मी, खाली एका रांगेत उभे राहून वर बघत राहिलो. तीन पिढ्या धंदा केला आमच्या घराण्याने, पण गिऱ्हाईक काय म्हणतंय याची इतकी धास्ती आम्हाला कधी वाटली नव्हती.